पडवीतली विलायती सायकल

भाताच्या पेंढ्याआड, मोडक्या नांगराच्या शेजारी ती उभी असते. टायर केव्हाच गेलेले, गादीच्या जागी नुसत्या स्प्रिंगा आणि हँडलवर कोंबड्यांनी रात्री काढल्याच्या खुणा. भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीसारख्या गावांतून जुन्या सायकली हुडकत फिरणारा माणूस अशा सायकलीपुढे उकिडवा बसला की त्याचं पहिलं काम ठरलेलं असतं. ओलं फडकं घेऊन तो हँडलखालची उभी नळी पुसतो. तिथे रिबिटा मारून बसवलेला पितळी बिल्ला असतो आणि त्यावरची काजळी निघाली की बर्मिंगहॅम, कॉव्हेन्ट्री किंवा नॉटिंगहॅम यांपैकी एखादं नाव वर येतं. कधीकधी बिल्ला गेलेला असतो, नुसती रिबिटांची भोकं उरलेली असतात. तरी जाणता माणूस हिरमुसत नाही. तो पायडलजवळच्या मोठ्या दातेरी चक्राकडे वळतो. चक्रात बगळ्याच्या माना कोरलेल्या असल्या तर सायकल रॅले. उघडा पंजा दिसला तर रज. फेर धरल्यासारखी माणसं दिसली तर हंबर. तीन इंग्रजी अक्षरं जुळवलेली असली तर बीएसए. बिल्ला चोरीला जातो, रंग उडतो, पण हे चक्र म्हणजे सायकलीचं गोत्र. ते सहसा बदलत नाही.

गोत्र कळलं तरी ती इथवर आली कशी, हे कळायला साठ-सत्तर वर्षांची गोष्ट उलगडावी लागते. ती तीन ठिकाणी घडली: इंग्लंडातल्या कारखान्यांत, मुंबई-बेळगाव-पुण्याच्या दुकानांत आणि गावोगावच्या सायकलमिस्त्रींच्या हातांत. जुन्या सायकली जमवणाऱ्या मंडळींना पहिल्या भागाची सगळी माहिती पाठ असते. दुसऱ्याची थोडीफार असते. तिसऱ्या भागाची मात्र कुठे नोंदच नाही. तो फक्त सायकलीच्या अंगावर वाचता येतो, आणि सायकल नवी करण्याच्या नादात सगळ्यात आधी पुसला जातो तोच.

मराठी मुलखातल्या सायकलीच्या धंद्याचा आरंभ सांगताना एक घराणं टाळता येत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली जन्मले. चित्रकला शिकायला मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये आले, पण मन यंत्रात रमलं आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. मुंबईच्या रस्त्यात एका पारशी गृहस्थाला दोन चाकांवर तोल सांभाळत जाताना त्यांनी पाहिलं आणि हे यंत्र त्यांच्या डोक्यात बसलं, अशी हकीकत सांगतात. थोरले भाऊ रामूअण्णा बेळगावात होते. धाकट्याने मुंबईत सायकली घेऊन पाठवायच्या, थोरल्याने त्या बेळगावात विकायच्या, असा बेत ठरला आणि ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही पाटी लागली. कंपनी आपलं स्थापनावर्ष १८८८ मानते. पुढे पंप, इंजिनं आणि यंत्रं बनवणाऱ्या या उद्योगाची पहिली पायरी सायकलीचं दुकान ही होती.

तेव्हाचा भाव ऐकला की आज दचकायला होतं. सायकल सातशे ते हजार रुपयांना विकली जाई, आणि चालवायला शिकवण्याचे रामूअण्णा पंधरा रुपये वेगळे घेत. कारकुनाच्या काही वर्षांच्या पगाराइतकी ही रक्कम. म्हणजे गिऱ्हाईक कोण, तर संस्थानिक, मोठे अंमलदार, वकील आणि हौशी सावकार. सायकल ही तेव्हा वाहनापेक्षा प्रतिष्ठेची वस्तू होती. शिकवणीचे पैसे वेगळे घ्यावे लागत, यावरूनही हे यंत्र किती अनोळखी होतं ते कळतं. विकत घेणाऱ्याला त्यावर बसताही येत नव्हतं.

विकलेला माल बिघडला की दुरुस्त करून द्यावा लागे आणि सुटा भाग मागवावा तर तो बोटीने येणार. तेव्हा काही गोष्टी घरीच घडवायच्या आणि काहींना ठोकून-घासून कामचलाऊ करायचं, हे ओघानेच आलं. मुंबईत ते शिकवत होते त्या संस्थेतली बढती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावात आले. कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर ही त्यांची पुढची कामं, आणि १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. दुसऱ्याने घडवलेली वस्तू उघडून पाहायची, समजून घ्यायची आणि आपल्या हाताने चालती करायची, या सवयीचा धागा थेट त्या सायकलींपर्यंत जातो.

ज्या सायकली बेळगावात विकल्या जात होत्या त्यांची घडण तेव्हा इंग्लंडातही नवीच होती. कॉव्हेन्ट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने १८८५ मध्ये ‘रोव्हर’ सायकल आणली. दोन जवळजवळ सारख्या उंचीची चाकं, मागच्या चाकाला साखळी आणि मधोमध बसायची जागा. आधीच्या उंच चाकाच्या सायकलीवरून पडलं की माणूस डोक्यावर पडे. हिच्यावरून पडला तर पायावर उभा राही. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं आणि हाडं खिळखिळी करणारं वाहन मऊ झालं. आज आपण सायकल म्हणतो ती या तीन-चार वर्षांत जन्मली.

नॉटिंगहॅममध्ये रॅले नावाच्या रस्त्यावर एक लहानसं सायकलींचं काम चाले. फ्रँक बोडन नावाच्या धनिकाला आजारपणात डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली. तब्येत सुधारली, तेव्हा त्याने ते कामच विकत घेतलं आणि १८८८ च्या अखेरीस कंपनी उभी केली. महाराष्ट्रात ज्या नावाचा दबदबा पुढे दोन पिढ्या टिकला, ते मुळात एका रस्त्याचं नाव होतं. बर्मिंगहॅमची बीएसए तर बंदुका घडवणाऱ्यांनी १८६१ मध्ये काढलेली कंपनी. तिच्या सायकलींवरच्या छापात एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली दिसतात. इंग्रजांनी ज्यांच्यावर राज्य केलं त्यांनी पुढे त्या रायफलींच्या छापावर दूध आणि टपाल वाहिलं. हर्क्युलिस मागाहून आली. १९१० मध्ये क्रेन बंधूंनी ती बर्मिंगहॅममध्ये सुरू केली आणि स्वस्त, भरपूर, एकसारख्या सायकली काढायचं तंत्र तिने पकडलं. गादी ब्रुक्सची: बर्मिंगहॅमच्या या चामड्याच्या पेढीची सुरुवात १८६६ ची आणि सायकलीच्या गादीचं तिचं पहिलं पेटंट १८८२ चं. दिवा जोसेफ लुकासचा. गिअर असलाच तर स्टर्मी-आर्चरचा, तीन वेगांचा, मागच्या चाकाच्या पोटात दडवलेला. वुल्व्हरहॅम्प्टनच्या जॉन मार्स्टनची सनबीम तर साखळीला तेलाच्या बंद पेटीत फिरवायची. संग्राहकांच्या तोंडून सनबीमचं नाव निघतं तेव्हा आवाज थोडा खाली येतो.

इंग्लंडात १८९६ च्या सुमारास सायकलींचं वेड टिपेला पोचलं आणि वर्षभरात ओसरलं. माल फार झाला, भाव कोसळले आणि कारखान्यांनी साम्राज्याच्या बाजारांकडे तोंड वळवलं. बेळगावात हजार रुपयांना गेलेली वस्तू पुढच्या काही दशकांत शिक्षक, पोस्टमन आणि गिरणीतल्या मुकादमाच्या आवाक्यात आली, त्यामागे ही घसरण आहे. १९३० नंतर जपानी सायकली आणखी स्वस्तात येऊ लागल्या तेव्हा ‘विलायती’ या शब्दाला वेगळाच मान चढला. जपानी सायकल परवडली म्हणून घेतली जाई. विलायती सायकल परवडत नसतानाही घ्यावीशी वाटे.

मुंबईने याच काळात सायकलीवरचं एक अचाट प्रकरण पाहिलं. १५ ऑक्टोबर १९२३ ला बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबच्या सहा पारशी तरुणांनी सायकलवरून जगप्रदक्षिणेला सुरुवात केली. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे फेरी पुरी करून १८ मार्च १९२८ ला परतले. बाकीचे वाटेत थांबले. सत्तर हजार किलोमीटरच्या आसपास अंतर, वाटेत इराणचं वाळवंट आणि आल्प्सचा बर्फ. त्यांनी लिहिलेलं पुस्तक बरीच वर्षं विस्मरणात गेलं होतं, पण त्या प्रवासाने एक गोष्ट दाखवून दिली. सायकल हे साहेबाचं खेळणं राहिलं नव्हतं. मुंबईतल्या मध्यमवर्गी पोरांच्या पायात ती आली होती.

मुंबईपासून भिवंडी तशी जवळ, तरी रेल्वेच्या हिशेबात दूर. कल्याणला उतरायचं आणि दुर्गाडीजवळ खाडी ओलांडून पुढे जायचं. आतल्या गावांना बैलगाडी, नाहीतर पाय. अशा मुलखात सायकलीने अंतराचं मापच बदललं. बाजाराला जाऊन परत यायला जो अख्खा दिवस मोडे, तो अर्ध्या दिवसात उरकू लागला. भिवंडीत १९३० नंतर हातमागांच्या जागी यंत्रमाग खडखडू लागले, तसं सुताचे गठ्ठे, कापडाचे तागे आणि पाळीवर जाणारे कारागीर यांची ये-जा वाढली. वज्रेश्वरीच्या जत्रेला जाणाऱ्या वाटेवर पुढच्या नळीवर पोरगं, मागच्या कॅरिअरवर बायको आणि हँडलला पिशवी असं अख्खं घर एका सायकलीवर जाई. चोवीस इंची उंच फ्रेम, जाड नळ्या, अठ्ठावीस बाय दीडचे टायर आणि तारेऐवजी लोखंडी दांड्यांनी चालणारे ब्रेक. इंग्रज कारखानदारांनी साम्राज्यातल्या खराब रस्त्यांसाठी ही ठेवण पक्की केली होती. वजन भरपूर, वेग बेताचा, पण खड्ड्यात गेली तरी वाकत नाही.

ज्यांना सायकल घेणं परवडत नव्हतं त्यांच्यासाठी तासावर मिळणारी सायकल होती. गावच्या नाक्यावरचं भाड्याच्या सायकलींचं दुकान ही महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांची पहिली शाळा. वहीत नाव, वेळ आणि जामीन म्हणून ओळखीच्या माणसाचं नाव. पोराची उंची नळीपर्यंतही पोचत नसे, मग नळीखालून पाय घालून, अंग तिरकं करून अर्ध्या अर्ध्या पायडलने सायकल हाणायची. गुडघे फुटत. तास संपायच्या आत परत पोचायचं म्हणून शेवटची दहा मिनिटं जीव खाऊन मारायची. शहरात याला कायद्याची फोडणी होती. नगरपालिकेचा कर भरल्याचा पत्र्याचा बिल्ला लावायचा आणि अंधार पडला की दिवा. दिवा नसला, डबल सीट सापडला, तर पोलीस चाकातली हवा सोडायचा नाहीतर दंड करायचा. पुण्यात तर सायकल आणि पोलीस यांच्या लपंडावावर एक अख्खं विनोदी वाङ्मय पोसलं गेलं. तेलाचा दिवा वाऱ्याने विझे, कार्बाइडच्या दिव्याला वास येई, आणि डायनामो आला तेव्हा सायकल थांबली की उजेडही थांबे.

दुसऱ्या महायुद्धाने विलायती सायकलींची आवक आटवली. तिकडे कारखाने दारूगोळ्याच्या कामाला लागले होते. बीएसएने हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांसाठी खास सायकल काढली. मधोमध दोन मोठ्या पाकळीदार नटांवर ती दुमडायची. आज संग्राहकांच्या जगात तिला सोन्याचं मोल. इकडे सुटे भाग मिळेनात, तेव्हा गावच्या मिस्त्रीने हात चालवले. तुटलेला फोर्क पितळाने सांधला, झिजलेल्या कपात छर्रे वाढवले, एका सायकलीचं चाक दुसरीला बसवलं. बेळगावात किर्लोस्करांना एकेकाळी जे करावं लागलं, ते आता प्रत्येक नाक्यावर होत होतं.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली आणि गोष्टीला वेगळं वळण लागलं. विलायती सायकल येणं थांबलं, पण विलायती नावं थांबली नाहीत. कलकत्त्याचे सुधीरकुमार सेन यांनी नॉटिंगहॅमच्या कंपनीशी भागीदारी करून आसनसोलला सेन-रॅले उभी केली. तिथून रॅले, रज, हंबर आणि रॉबिन हूड या नावांच्या सायकली भारतभर गेल्या. मद्रासजवळ अंबत्तूरला मुरुगप्पा घराणं आणि इंग्लंडची ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स यांनी १९४९ मध्ये टीआय सायकल्स स्थापली. ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सने १९४६ मध्येच हर्क्युलिस विकत घेतली होती, त्यामुळे १९५१ पासून हर्क्युलिस मद्रासी झाली. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स होतीच. तिचं नाव मात्र पहिल्यापासून देशी. पुढे पंजाब आणि हरियाणात ॲटलस, एव्हन आणि हीरो आल्या. या सगळ्यांनी ठेवण घेतली तीच जुनी: काळी, उंच, दांडीब्रेकची, अठ्ठावीस बाय दीडची.

इंग्लंडात मात्र उलटं चाललं होतं. लोक मोटारीत बसू लागले तशा कंपन्या एकमेकींना गिळू लागल्या. रॅलेने हंबर १९३२ मध्ये आणि रज १९४३ मध्ये घेतली होती, १९५७ मध्ये बीएसएचा सायकलधंदा घेतला. १९६० मध्ये हर्क्युलिस आणि फिलिप्सचा कारभारही तिच्यात मिसळला. नावं वेगळी राहिली, फ्रेम एकच झाली. १९५८ मध्ये ॲलन सिलिटो या नॉटिंगहॅमच्या लेखकाने ‘सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग’ ही कादंबरी लिहिली. तो स्वतः रॅलेत राबलेला होता आणि त्याचा नायक सायकलीच्या कारखान्यात लेथवर उभा असतो. आपल्याकडे ज्या सायकलीला हळदकुंकू लावून घरात घेत, ती घडवणारा तिकडचा कामगार आठवड्याच्या पगाराकडे आणि दारूच्या गुत्त्याकडे डोळे लावून बसलेला असे. दोन्ही गोष्टी एकाच यंत्राच्या. नॉटिंगहॅममधलं शेवटचं जुळणीचं काम २००२ मध्ये थांबलं. आपल्याकडे हिंद सायकल्स आणि सेन-रॅले आजारी पडल्या, १९८० मध्ये संसदेने कायदा करून दोघींचं राष्ट्रीयीकरण केलं, तरी त्या सावरल्या नाहीत.

भिवंडीच्या गावांतही तोवर लूना, स्कूटर आणि पाठोपाठ मोटारसायकल आली. सायकल आधी पोराकडे, मग गड्याकडे, मग पडवीत आणि शेवटी भंगारवाल्याच्या काट्यावर गेली. नॉटिंगहॅम असो की पंजाबातलं लुधियाना, काट्याला दोन्हीचं लोखंड सारखंच. ज्या सायकली वाचल्या त्या मायेपेक्षा आळसामुळे वाचल्या. कुणीतरी ‘राहू दे, पुढे बघू’ म्हणालं म्हणून.

हा ‘पुढे’ गेल्या तीसेक वर्षांत आला. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी आपला संग्रह २०१७ मध्ये संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुला केला. दुमडणाऱ्या बीएसएपासून जुने दिवे आणि पंपांपर्यंत कितीतरी वस्तू तिथे बघायला मिळतात. एकेकाळी ज्या शहराची ओळखच सायकलींचं शहर अशी होती, तिथे ती संग्रहालयात पाहायला जावं लागतं, हेही खरं. २०१८ मध्ये आलेल्या ‘सायकल’ या मराठी चित्रपटातही कोकणातल्या एका ज्योतिषाची सायकल चोरीला जाते आणि गाव हळहळतं. सायकलीला माणसासारखं नाव-गाव असण्याचा तो काळ पडद्यावरही पुन्हा आठवावासा वाटला.

संग्राहकाचं काम तपासापासून सुरू होतं. आसनसोलची की नॉटिंगहॅमची, हा पहिला प्रश्न, कारण बिल्ला सारखाच असतो. खालच्या गावाचं नाव तेवढं वेगळं. गादीच्या दांड्याजवळ किंवा पायडलच्या खोबणीखाली ठोकलेला फ्रेमचा आकडा पाहायचा. तीन गिअरचं चाक असलं तर काम सोपं: स्टर्मी-आर्चरच्या हबवर बहुधा साल आणि महिना कोरलेला असतो. सायकलीची जन्मपत्रिका तिच्या मागच्या चाकावर. चकाकी निकेलची की क्रोमची, तेही सांगून जातं. निकेल थोडं पिवळसर, उबदार दिसतं; क्रोम निळसर आणि थंड. क्रोमचा वापर १९३० च्या सुमारास रुळला, म्हणजे मूळचं निकेल सापडलं तर सायकल बहुधा त्याआधीची.

मग खोलायला घ्यायची आणि इथे संयम लागतो. पायडलच्या दांडीतली कॉटर पिन पन्नास-साठ वर्षं जागची हललेली नसते. हातोडा मारला की डोकं चेपतं आणि पिन आणखी घट्ट बसते. रॉकेल सोडून दोन दिवस वाट पाहायची, मग दाबाने काढायची. आटे पाहावेत तर इंचाला सव्वीस, आजचा मिलिमीटरचा नट त्यावर चढत नाही. बळेच चढवला तर शंभर वर्षांचा आटा एका क्षणात जातो. पायडलच्या खोबणीतला कप बदलायचा म्हटलं तर रॅलेची तऱ्हा आणखी न्यारी. इतर इंग्रजी सायकलींच्या कपाला इंचाला चोवीस आटे, हिच्या कपाला सव्वीस. ब्रुक्सच्या गादीला तेलात भिजवायचं नाही. तेलाने चामडं मऊ पडतं आणि झोळीसारखं लोंबतं. मेणासारखं मलम चोळायचं, खालचा नट अर्धा फेरा आवळायचा आणि पुढचं आपल्या बुडावर सोपवायचं. चामडं महिन्याभरात मालकाचा आकार घेतं. काळ्या रंगावरची सोनेरी रेघ लांब केसांच्या ब्रशाने, श्वास रोखून, एका ओढीत मारायची. चाकाचा आऊट काढायचा तो तारा एकेक पाव फेरा फिरवत, कान लावून. ढिली तार बोटाने छेडली की वेगळी वाजते.

या कामात बाजारू मोह दोन. एक म्हणजे बिल्ले बदलण्याचा. देशी फ्रेमला विलायती बिल्ला ठोकला की किंमत वाढते, म्हणून जाणकार बिल्ल्यावर विश्वास ठेवत नाहीत. ते चक्र, आटे आणि सांधे पाहतात. दुसरा मोह याहून सभ्य आणि म्हणून जास्त घातक. सायकल कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी होती तशी करायची. सगळा रंग घासून काढायचा, नवा चढवायचा, देशी भाग फेकून इंग्लंडहून मूळचे मागवायचे. सायकल अशी झळाळते की दिवाणखान्यात ठेवावी. पण ती मग फक्त नॉटिंगहॅमची उरते. भिवंडीत काढलेली तिची साठ वर्षं गेलेली असतात.

पडवीतली ती सायकल नीट पाहिली की ही साठ वर्षं मोजता येतात. पुढच्या फोर्कला खाली पितळाचा जाड सांधा असतो. कुण्या मिस्त्रीने भात्यावर तापवून केलेला, ओबडधोबड, पण अजून घट्ट. कॅरिअर मुळातलं नसतं, दुधाच्या कॅनसाठी पट्ट्या वाकवून बनवलेलं. एक पायडल विलायती, दुसरं लुधियानाचं. नळीवर पुढे छोट्या गादीचे व्रण, म्हणजे घरातलं पोर इथे बसायचं. हँडलच्या टोकावर रंगीत फितीचे अवशेष; कुणाच्या तरी लग्नाची किंवा दसऱ्याची आठवण. यातलं नॉटिंगहॅमचं काय आणि दिघाशीचं काय, हे वेगळं करता येतं. पण वेगळं करून त्यातलं काय टाकायचं, हे ठरवायचा हक्क फडकं घेऊन बसलेल्या एकट्या माणसाचा नाही. फोर्कचा तो सांधा कुठल्याही कंपनीच्या यादीत नसतो. तो केला नसता तर बिल्ला पुसायला ही सायकल उरलीच नसती.

म्हणून मला वाटतं, जुनी सायकल जपायची तर चालती करायची आणि तिथेच थांबायचं. गंज काढायचा, बेरिंगला ग्रीस द्यायचं, फाटलेल्या रंगाला तेलाचा हात द्यायचा. सांधा तसाच ठेवायचा. कॅरिअरही.

टायर मात्र नवे लागतात. इंग्लंडातल्या संग्राहकाला या मापाचे टायर सहजी मिळत नाहीत. त्याला बरेचदा हिंदुस्थानी माल शोधावा लागतो. दिघाशीच्या माणसाला तेवढं फिरावं लागत नाही. तालुक्याच्या बाजारात सायकलीच्या दुकानाबाहेर खुंटीला काळ्या टायरांची माळ लटकत असते, आणि त्यात अठ्ठावीस बाय दीड असतोच, कारण दूधवाले आणि गॅसचे सिलिंडर पोचवणारे अजून तेच माप चालवतात. दुकानदार टायर काढून देतो, सायकल कोणती ते विचारतही नाही. घरी आणून विलायतेत वाकवलेल्या रिमवर तो अंगठ्याने दाबत न्यायचा. शेवटची वीतभर जागा अडून बसते. दोन पाने लावून तेवढं वर उचललं की टायर आपल्या जागी जाऊन बसतो.